शांततेचा अर्थ : बर्कलीचे सॉकेट आणि खोडदची दुर्बीण (थ्रेड)

१/ १९ ऑक्टोबर २०१६. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण मंगळाकडे कान लावून होती. ‘शियापरेली’ हे युरोपीय यान तेथे उतरत होते. त्याचा क्षीण संदेश खोडदला मिळत होता. उतरण्याच्या थोडे आधी तो थांबला. दोष कोणाचा? यानाचा, वाटेचा, की ऐकणाऱ्याचा?

२/ संगणकाच्या इतिहासात हा प्रश्न जुना आहे. १९७३ साली युनिक्समध्ये ‘पाइप’ आला व एका प्रोसेसचे फलित थेट दुसरीच्या हाती पडू लागले. मात्र दोघींचे यंत्र एकच असावे लागे.

३/ १९८३ च्या ४.२ बीएसडी या बर्कलीच्या आवृत्तीने ‘सॉकेट’ दिले. एक प्रोसेस ठरावीक पोर्टवर कान देऊन बसते, दुसरी दार ठोठावते. यंत्रे दोन असली तरी चालते.

४/ सोयीबरोबर दोषही आले. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा हाक पोहोचली, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच नाही. वाट अडली की पलीकडचे यंत्र बंद, हे कळत नाही. नकार हेही उत्तरच असते. शांतता मात्र संदिग्ध.

५/ सर्वांत फसवा दोष निराळाच. टीसीपी हा बाइटांचा प्रवाह आहे. त्यात संदेशांच्या सीमा नसतात. एकदम पाठवलेले १००० बाइट दोन हप्त्यांत येऊ शकतात. एकाच यंत्रावर बिनचूक चाललेला प्रोग्राम नेटवर्कवर अडखळतो तो अनेकदा यामुळे. उपाय : आधी लांबी पाठवावी, आणि तितके बाइट हाती येईपर्यंत वाचत राहावे.

६/ तरीही उलगडा झाला नाही, तर तिसरा कान हवा. १९८८ साली बर्कलीच्याच प्रयोगशाळेत घडलेले ‘टीसीपीडम्प’ तारेवरची पाकिटे स्वतंत्रपणे टिपते. पाकीट निघालेच नाही, की पोहोचूनही वाचले गेले नाही, याचा निवाडा त्यातून होतो.

७/ जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. त्या दिवशी तिसरा कान होता मंगळाभोवती फिरणारे ‘मार्स एक्स्प्रेस’. त्याच्या नोंदीतही संदेश उतरण्याआधीच थांबला होता. खोडदचा कान शाबूत होता.

८/ पुढे चौकशीत कळले की यानाच्या संगणकाने उंची चुकीची काढली. यान हवेत असताना ते जमिनीखाली असल्याचा हिशेब झाला आणि पॅराशूट वेळेआधी सुटले. शांतता खोडदला जाणवली. दोष मंगळावर होता.