रंगखाते आणि रसायनशाळा



गिरणगावाचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे चाळी, भोंगे आणि संप उभे राहतात. पण याच गिरणगावाच्या उत्तरेला, माटुंग्यास, विद्यापीठाची एक रसायनशाळा आहे आणि तिचे मूळ आपल्या गिरण्यांत आहे. त्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ताडदेवची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. त्याच साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यापासून जांभळा रंग तयार केला. पुढे या विद्येत जर्मनीने सर्वांवर मात केली. १८९७ मध्ये जर्मन कारखान्यातील कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारातील निळीची शेती बसत गेली. सूत आपले, माग आपले, घाम आपला. रंग मात्र परक्याचा! १९१४ चे महायुद्ध पेटले, जर्मन माल बंद पडला आणि या परावलंबनाची किंमत सर्वांना कळली.

अशा परिस्थितीत १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग स्थापन केला. कुलगुरू सर विठ्ठल चंदावरकर हे स्वतः गिरणीधंद्यातले गृहस्थ होते. प्रारंभी दोनच शाखा होत्या: एक वस्त्ररसायनाची, दुसरी रासायनिक अभियांत्रिकीची. रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्यांना येथे दोन वर्षे शिकून तंत्रज्ञानाची पदवी मिळे. पहिले प्रमुख फॉर्स्टर हे इंग्रज. १९३८ मध्ये त्यांच्या जागी डॉ. के. वेंकटरामन आले. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याच्या जागेत गेला. कृत्रिम रंगांवरील वेंकटरामनांचा ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि ज्या जर्मनीकडून आपण रंग घेत होतो, तेथील रसायनज्ञांनाही तो उघडावा लागला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. विभागात पुढे तेले, औषधे, अन्नपदार्थ, प्लॅस्टिक अशा शाखा वाढल्या. २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

हा सारा इतिहास अभिमानाचा आहे. तरीही कामगारांच्या बाजूने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ही विद्या गिरणीच्या फाटकातून आत आली, ती कोणापर्यंत पोहोचली? डाइंग मास्तरच्या वहीपर्यंत ती आली. जिगरवर उभा राहणारा रंगारी मात्र नजरेने छटा ओळखी, हाताने पाण्याची ऊब जोखी आणि संध्याकाळी रंगलेली नखे घेऊन घरी जाई. आपण हात बुडवतो ते द्रव्य काय आहे, हे त्याला कोण सांगणार?

१८९५ मध्ये जर्मनीतील शल्यवैद्य लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे जगापुढे मांडले. पुढील संशोधनात बेन्झिडीन हे द्रव्य दोषी ठरले. त्यापासून केलेल्या रंगांवर आपल्या देशात बंदी यावयास १९९० चे दशक उजाडले. जवळजवळ शंभर वर्षे! रंग करण्याची विद्या जितक्या लगबगीने आली, तितक्या लगबगीने धोक्याची विद्या आली नाही. कारण पहिलीला गिऱ्हाईक होते, दुसरीला नव्हते.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि रंगखात्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. म्हणून प्रश्न संपला असे कोणी समजू नये. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये स्फोट होऊन माणसे मेली. पिंपात काय भरले आहे, ते कशाने पेटते, हे पिंप उचलणाऱ्याला ठाऊक असणे ही मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे.

माटुंग्याहून परळ फार लांब नाही. रसायनशास्त्राची पदवी प्रत्येक कामगाराला मिळणार नाही, हे उघड आहे. पण ज्याचे हात त्या द्रव्यात आहेत, त्याला त्याच्या भाषेत चार धडे देणे हेही विद्यापीठाचेच काम मानले पाहिजे, आणि ते मागून घेणे हे युनियनचे.