रस्त्यावरचे वाजंत्री आणि कृष्णधवल फोटो



इतिहास म्हणजे केवळ इंदापूरची मालोजीराजांची गढी नव्हे. तुमच्या घरातील पत्र्याच्या पेटीतही तो असतो. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापूरला येते. अशा वाटेवरचे मृदंगवाले, बाजारातले हलगीवाले, डफ वाजवीत फिरणारे फकीर यांचे फोटो पूर्वी साध्या कॅमेऱ्यांनी काढले जात. बडोद्यात बनणाऱ्या ‘अ‍ॅग्फा क्लिक थ्री’मध्ये एका रोलवर बाराच चौरस फोटो येत. शटरचा वेग एकच. त्यामुळे चेहरा स्पष्ट, पण हलगीवरचा हात पुसट! मला तर त्या पुसट हातातच ताल दिसतो.

उणीव निराळीच आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. त्यांत फोटोखाली जात-जमात आली, माणसाचे नाव बहुधा नाही. आपण तरी काय केले? लग्नाच्या फोटोमागे नवरदेवाचे नाव सापडते, सनईवाल्याचे नाही. घरातील वडीलधाऱ्यांना ते विचारा आणि फोटोमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. शाई पुढच्या बाजूस उतरते.