व्हिएन्ना येथील सूतिकागाराच्या नोंदवह्या

जुन्या कागदांचे रुमाल सोडून बसणाऱ्यांस जमाखर्चाची कीर्द हातीं आली असतां बहुधा कंटाळा येतो. बखरींत प्रसंग असतात, पत्रांत माणसें बोलतात, कीर्दींत मित्या आणि आंकडे यांपलीकडे कांहीं दिसत नाहीं. तथापि इतिहासांतील कांहीं मोठे निवाडे असल्या नीरस कागदांनींच केलेले आहेत. अशाच एका नोंदवहीची हकीकत प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे. तिचा विषय राजकारण नसून आजार हा आहे. ज्यास हल्लीं सेप्सिस म्हणतात तो हा आजार होय. जंतूंचा शिरकाव झाला असतां त्यांच्या प्रतिकारास निघालेलें शरीर ताळतंत्र सोडून स्वतःच्याच अवयवांस निकामी करूं लागतें, अशी त्याची २०१६ सालीं ठरलेली व्याख्या आहे. बाळंतिणीस होणारा सूतिकाज्वर हें ह्याच आजाराचें एक जुनें व भयंकर रूप होय.

व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालय सम्राट दुसरा योसेफ याच्या कारकीर्दींत १७८४ सालीं उघडलें. त्यांतील सूतिकागाराचे पुढें दोन विभाग झाले, व १८४० सालच्या हुकुमानें पहिला विभाग वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडे आणि दुसरा सुइणींच्या शिक्षणाकडे देण्यांत आला. बाळंतिणींस आळीपाळीनें, ज्या दिवशीं ज्या विभागाची पाळी असेल त्यांत घेत. म्हणजे एकाच शहरांतील, एकाच स्थितीच्या स्त्रिया निव्वळ वाराच्या योगायोगानें ह्या अथवा त्या विभागांत जात. दोन्ही विभागांच्या नोंदवह्या होत्या. त्यांतील जंत्री येणेंप्रमाणें:

सन १८४१ — पहिला विभाग: प्रसूति ३०३६, मृत्यु २३७. दुसरा विभाग: प्रसूति २४४२, मृत्यु ८६.
सन १८४२ — पहिला विभाग: प्रसूति ३२८७, मृत्यु ५१८. दुसरा विभाग: प्रसूति २६५९, मृत्यु २०२.
सन १८४६ — पहिला विभाग: प्रसूति ४०१०, मृत्यु ४५९. दुसरा विभाग: प्रसूति ३७५४, मृत्यु १०५.

१८४१ ते १८४६ ह्या सहा वर्षांची बेरीज केली तर पहिल्या विभागांत २०,०४२ प्रसूतींत १,९८९ मृत्यु, म्हणजे शेंकडा सुमारें ९.९; दुसऱ्यांत १७,७९१ प्रसूतींत ६९१, म्हणजे शेंकडा सुमारें ३.९. ह्या आंकड्यांवर आणखी एक टीप आवश्यक आहे. पहिल्या विभागांतील कित्येक आजारी बाळंतिणी मुख्य रुग्णालयांत हलवीत, व तेथें त्या मेल्या म्हणजे त्यांचा मृत्यु विभागाच्या वहींत पडत नसे. अर्थात् खरा फरक वहींतल्याहून मोठा होता.

इग्नात्स सेमेलवाइस हा बुडा येथें १८१८ सालीं जन्मलेला वैद्य १८४६ सालीं पहिल्या विभागांत साहाय्यक झाला. त्या काळीं सूतिकाज्वराचीं कारणें म्हणून दूषित हवा, गर्दी, भीति इत्यादि सांगत. सेमेलवाइसनें हीं कारणें दोन वह्यांच्या कसोटीस लाविलीं. हवा दोन्ही विभागांस एकच होती. गर्दी दुसऱ्या विभागांतच अधिक, कारण पहिल्याची अपकीर्ति शहरभर झाल्यामुळें स्त्रिया तो टाळूं पाहत. वाटेंतच प्रसूत होऊन मग दाखल झालेल्या स्त्रियांस तर हा ज्वर क्वचितच होई. सांगितलें गेलेलें एकही कारण दोन विभागांतील अंतर समजावूं शकेना.

मार्च १८४७ मध्यें त्याचा स्नेही प्राध्यापक याकोब कोलेट्श्का हा शवविच्छेदनाच्या वेळीं विद्यार्थ्याची सुरी बोटास लागून वारला. त्याच्या प्रेताच्या तपासणीचें टिपण वाचतांना सेमेलवाइसला दिसलें कीं, बाळंतिणींच्या प्रेतांत जीं लक्षणें सांपडतात तींच हीं आहेत. पहिल्या विभागांतील विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलींतून थेट प्रसूतिगृहांत येत. सुइणींचा शवविच्छेदनाशीं संबंध नसे. लोकप्रिय चरित्रांत हा प्रसंग एकाएकीं पडलेल्या प्रकाशासारखा रंगविलेला असतो. परंतु दोन विभागांचा फरक अगोदरच वहीनें मांडून ठेविला नसता, तर स्नेह्याच्या मृत्यूवरून बाळंतिणींच्या मृत्यूकडे जाण्यास वाटच नव्हती.

मे १८४७ च्या मध्यापासून क्लोरीनच्या पाण्यानें, व पुढें स्वस्त म्हणून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें, हात धुण्याचा नियम झाला. एप्रिलमध्यें ३१२ प्रसूतींत ५७ मृत्यु होते. जूनमध्यें २६८ प्रसूतींत ६, व जुलैंत २५० प्रसूतींत ३ झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत गर्भाशयाच्या कर्करोगाची एक रुग्ण तपासल्यानंतर हात नीट न धुतां तपासलेल्या १२ स्त्रियांपैकीं ११ मेल्या. तेव्हां विष प्रेतांतूनच येतें असें नाहीं, जिवंत शरीरांतील कुजलेला स्रावही तेंच करतो, हें कळलें. १८४८ सालीं पहिल्या विभागांत ३५५६ प्रसूतींत ४५ मृत्यु पडले, व दुसऱ्या विभागांत ४३. दोन विभागांतील अंतर नाहींसें झालें.

येथपर्यंत वहीचा विजय झाला. पुढील भाग खेदाचा आहे. इतका पुरावा हातीं असतां सेमेलवाइसनें तो छापला नाहीं. त्याचे हितचिंतक हेब्रा व श्कोडा यांनीं त्याच्या वतीनें लेख लिहिले व व्याख्यान दिलें. १८५० सालीं तो स्वतः व्हिएन्नाच्या वैद्यसभेंत बोलला, पण भाषणाचा पूर्ण मजकूर त्यानें प्रसिद्ध केला नाहीं. त्याच वर्षीं तो शहर सोडून पेस्ट येथें गेला. त्याचा सविस्तर ग्रंथ १८६१ ची मिती घालून निघाला. मधल्या चौदा वर्षांत विरोधकांनीं ऐकीव माहितीवरून त्याचें मत खोडण्याचा प्रयत्न केला, आणि तितकीं वर्षें अन्यत्र हात न धुतां प्रसूति होत राहिल्या.

ह्याच्या उलट उदाहरण स्कॉटलंडांतील ॲबर्डीन येथील अलेक्झांडर गॉर्डन याचें आहे. त्यानें १७९५ सालीं छापलेल्या ग्रंथांत ७७ रुग्णांची यादी देऊन, कोणती बाळंतीण कोणाच्या हातून प्रसूत झाली हें नांवनिशीवार नोंदविलें, व आपल्या स्वतःच्या हातूनही हा ज्वर पसरल्याचें कबूल केलें. लोकांचा रोष होऊन त्यास गांव सोडावें लागलें. परंतु यादी छापलेली होती. म्हणून १८४३ सालीं अमेरिकेंत ऑलिव्हर वेंडेल होम्स यास तिचा आधार घेतां आला.

सेमेलवाइसच्या अंतासंबंधींही कागदांनीं एक समजूत दुरुस्त केली आहे. शेवटच्या शस्त्रक्रियेंत बोटास झालेल्या जखमेनें तो वारला अशी आख्यायिका फार दिवस चालली. १८६५ च्या जुलैअखेर त्यास व्हिएन्नाजवळील वेड्यांच्या इस्पितळांत ठेविलें; १३ ऑगस्ट रोजीं तो मरण पावला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उजेडांत आलेल्या कागदांवरून, तेथें त्यास आंवरतांना झालेल्या मारहाणीच्या जखमा चिघळून रक्तांत विष भिनलें असावें, असें दिसतें. ज्या आजाराशीं तो झगडला त्यानेंच तो गेला, हें मात्र दोन्ही हकीकतींत समान आहे.

आजच्या अतिदक्षता विभागांत उपचार निराळे आहेत, पण आधार कागदाचाच आहे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळें रक्तदाब कोसळलेल्या, २,७३१ रुग्णांचे जुने तक्ते तपासले गेले. रक्तदाब उतरल्यावर पहिल्या सहा तासांत योग्य प्रतिजैविक देण्यास होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबाबरोबर जगण्याचें प्रमाण सरासरी शेंकडा ७.६ नीं घटलेलें आढळलें. विलंब हेंच एकमेव कारण, असें जुन्या तक्त्यांवरून सिद्ध होत नाहीं. पण घाई कोठें करावी हें त्यांवरून उमगलें. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत अशा रुग्णास तासाभरांत प्रतिजैविक द्यावें, शिरेंतून क्षारयुक्त द्रव द्यावा, त्यानें न भागल्यास नॉरॲड्रेनॅलिननें सरासरी रक्तदाब ६५ पर्यंत राखावा, व पू सांठल्याची जागा शोधून मोकळी करावी, असें सांगितलें आहे. ह्यांतील पहिल्या कलमाचें पालन झालें कीं नाहीं हें ठरवावयाचें तर दुखणें ओळखल्याची व औषध दिल्याची वेळ लिहिलेली असावी लागते.

आतां संग्राहकांस एक विनंती. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड छापला तो कागद लोकांपुढें यावेत म्हणूनच. आपल्याकडील घराण्यांच्या दप्तरांत राजकारणाच्या पत्रांबरोबर दुखण्याच्या बातम्या, बाळंतपणाच्या खर्चाच्या याद्या, वैद्यांचीं टिपणें असतात. तीं किरकोळ समजून बाजूस ठेवण्याची वहिवाट आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं मितीवार यादी करावी, नकल घ्यावी व ती प्रसिद्ध करावी. व्हिएन्नाच्या वह्या उत्तम लिहिलेल्या होत्या. त्यांवरील सविस्तर ग्रंथ मात्र चौदा वर्षें उशिरा निघाला.