आपल्या टोपातला भात

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी एक साधा प्रकल्प दिला होता. 'आमच्या घरचा पारंपरिक पदार्थ' या विषयावर, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून दोन पाने लिहायची. मालवण किनाऱ्यावरच्या गावांतून येणारी ही मुले. कोणी घावणे लिहिले, कोणी वडे-सागोती, कोणी तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले. बौद्धवाडीतून येणाऱ्या चार मुलींनी मात्र मसालेभात लिहिला. चौघींचा मजकूर जवळजवळ एकच. आंबेमोहोर तांदूळ, गोडा मसाला, तोंडली, काजू, वरून साजूक तूप. आणि शेवटचे वाक्य : 'ही आमच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे.'

त्यांतल्या एका मुलीची आजी आणि माझी आजी एकाच सड्यावर गवत कापत असत. त्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा काय, ते मला ठाऊक आहे. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी. मुलींनी खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही. 'परंपरा' या शब्दाखाली काय शोभते आणि काय शोभत नाही, हे त्या शाळेच्या पुस्तकांतून, दूरदर्शनच्या पडद्यावरून आणि वर्गातल्या इतर डब्यांवरून शिकल्या होत्या. म्हणून दोष त्यांचा नाही. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही : हा भात आपल्या घरात कधी आला, आणि कोणत्या वाटेने?

माझ्या आजीने लग्नातला मसालेभात उभ्या जन्मात पुन्हा तोंडात घातला नाही. कोणी आग्रह केला तर ती म्हणे, "माका नको रे तो भात. तेका मांडवामागचो वास येता." लहानपणी मला हे म्हातारीचे खूळ वाटे. पुढे तिने सांगितले तेव्हा कळले. १९५६ च्या आधी, ती परकरी पोर असताना, गावातल्या मोठ्या घरचे लग्न निघाले की तिचे आईबाप चार दिवस लाकडे फोडीत, मांडवासाठी बांबू तोडून आणीत, उष्टी-खरकटी काढीत. सगळ्या पंगती उठल्यावर मांडवामागे, जिथे पत्रावळी टाकल्या जात तिथे, त्यांना टोपलीत भात मिळे. त्यात कोणाच्या पानावरचे उरलेले असे, तळाला करपलेले असे. तुपाचा वास मात्र असे. आजीने मसालेभाताची चव अशी ओळखली. जिभेला गोड आणि मनाला कडू.

आता या भातामागचा इतिहास पाहू. तांदूळ हे कोकणचे मुख्य पीक. पण तो पिकवणे आणि तो आपल्या मडक्यात शिजणे या दोन गोष्टींमध्ये कोकणात खोत उभा होता. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्याआधीचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे खोतीचा बालेकिल्ला. अर्धेलीच्या पद्धतीत भाताच्या पिकाचा निम्मा वाटा खोताकडे जाई, वरकस जमिनीवरच्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा जाई, आणि त्यावर वेठ असे ती निराळीच. कुळाच्या घरी जे उरे त्यातून बियाणे ठेवायचे, देणे फेडायचे आणि पावसाळा काढायचा. अशा घरात भात म्हणजे पेजेच्या पाण्यातली शिते. पेज दक्षिण कोकणात सगळेच पितात, हे खरे. फरक पेजेत नव्हता. पेजेनंतर दुपारी काय, यात फरक होता. आणि मसालेभाताला लागतो तो सुरय तांदूळ, म्हणजे न उकडलेला. उकडा तांदूळ पोटाला धरून राहतो, म्हणून कष्टकऱ्याच्या घरी उकडाच असे. सुरय हा सणाचा.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात कुणबी होते आणि महारही होते. खोती प्रत्यक्ष कायद्याने गेली ती १९४९ साली. आपण या लढ्याचा उल्लेख जमिनीचा लढा म्हणून करतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो शिजलेल्या भाताचाही लढा होता, हे आपल्या लेखनात क्वचितच येते.

दुसरी गोष्ट सुपाची. कोकणातले महार बांबूकाम करीत. सुपे, रोवळ्या, टोपल्या आमच्या घरांतून विणल्या जात. ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनाचे 'आयदान' (२००३) हे नाव त्याच कामावरून आलेले आहे. गावातल्या कोणत्याही घरचा तांदूळ आमच्या बायकांनी विणलेल्या सुपात पाखडला जाई आणि आमच्याच रोवळीत धुतला जाई. सुपावर पाणी शिंपडले की विटाळ जाई. विणणाऱ्या हातावर मात्र कितीही पाणी ओतले तरी तो जात नसे. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून या विटाळाच्या शास्त्रालाच प्रश्न विचारले होते. त्या प्रश्नांचा एक पुरावा प्रत्येक स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला होता. कोणी तिकडे पाहिले नाही.

मसाल्याचीही तीच कथा. वेंगुर्ल्याला डचांनी १६३७ साली वखार घातली. मसाल्याच्या व्यापारासाठी समुद्र पालथे घालणारी माणसे आपल्या किनाऱ्यावर वावरली. मिरची तर पोर्तुगीजांबरोबरच या देशात आली. म्हणजे ज्याला आपण सनातन म्हणतो त्या मसाल्याच्या डब्यातही परदेशी माल आहे. डब्याला परदेशी लवंग चालली, परदेशी मिरची चालली. शेजारच्या वाडीतला माणूस चालला नाही.

पुढे स्वयंपाक छापला जाऊ लागला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. गुप्त्यांच्या पुस्तकातले 'सूप' म्हणजे संस्कृतातले वरण. आमच्या बायकांनी विणलेले सूप नव्हे. मराठी अन्न म्हणून जे छापले गेले त्यात आमची चूल नव्हती. तिची नोंद होण्यासाठी शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) पर्यंत थांबावे लागले, आणि ते पुस्तकही मराठवाड्यातल्या चुलींचे आहे. कोकणची चूल अजून कोणी तरी लिहायची आहे. माझ्या चार विद्यार्थिनींना आपले अन्न कागदावर सापडले नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्यांचे उतरवून काढले. त्याचा अर्थ एवढाच.

आता महाडकडे पाहू. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जमाव परिषदेच्या मंडपावर चालून आला. त्या वेळी काही प्रतिनिधी जेवत होते. त्यांना मारहाण झाली आणि शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले. पाण्याचा अपमान आपण विसरलो नाही. मातीत गेलेल्या त्या अन्नाकडे मात्र पुरेसे पाहिले नाही. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकिगत दिली आहे. तिथे यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच जातभाईंना जेवण दिले. पानात तूप वाढले. एवढ्यावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावले, अन्नाची नासाडी केली, माणसे झोडपली. या दोन्ही ठिकाणी अस्पृश्य कोणाच्या पंगतीत बसायला गेले नव्हते. ते आपल्याच पंगतीत, आपलेच अन्न खात होते. उष्टे खाणारा अस्पृश्य व्यवस्थेला खुपत नव्हता. स्वतःच्या भांड्यात स्वतःसाठी शिजवणारा खुपत होता.

सहभोजनाच्या चळवळींकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. रत्नागिरीत सहभोजने झाली; अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचे सत्यनारायण घातले. त्यामागच्या सद्‌हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण एकत्र जेवल्याने जातीची भावना मरत नाही, हे बाबासाहेबांनी त्याच भाषणात स्पष्ट केले आहे. आपल्याला कोण जेवायला बोलावतो, हा प्रश्न दुय्यम आहे. आपला टोप आपल्या चुलीवर आहे का, हा पहिला.

आमच्या वाडीत तो टोप धर्मांतरानंतर आला. दीक्षा घेतल्यावर वाडीने ठरवले : गावकीची कामे बंद, मांडवामागचा भात बंद. काही वर्षे फार वाईट गेली, असे आजी सांगे. मजुरी तुटली. मग मुंबईच्या गिरण्यांत असलेल्या वाडीतल्या माणसांनी वर्गणी काढून एक मोठा टोप पाठवला. त्यावर वाडीचे नाव कोरलेले आहे. त्या वर्षीच्या १४ एप्रिलला घरटी शेरभर तांदूळ गोळा झाला आणि पहिल्यांदा मसालेभात शिजला. गोडा मसाला कोणाला ठाऊक? घरचा मालवणी मसाला, बटाटा, वाटाणा, ओले खोबरे. तूप नव्हते, खोबरेल होते. आजीच्या पानात वाढायला आले तेव्हा ती म्हणाली, "ह्यो आपल्या टोपातलो भात. वाढ."

तोच भात मी घरी करतो. दोन वाट्या सुरय तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवतो. तेलात मोहरी-हिंगाची फोडणी, त्यात बटाटा-वाटाणा, मग तांदूळ परतून दोन चमचे मालवणी मसाला, मीठ, आणि चार वाट्या उकळते पाणी. मंद आचेवर वाफ धरली की वरून खोबरे. आता तूपही घालतो. चकवाऱ्याची आठवण ठेवून घालतो.

एक गोष्ट मात्र आपण स्वतःशी कबूल केली पाहिजे. जयंतीचा टोप ढवळायला आम्ही पुरुष पुढे असतो; फोटोही आमचेच निघतात. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस चूल बायकांकडे असते, आणि पुष्कळ घरांत त्या अजूनही शेवटी जेवतात. गावातला मांडव मोडला. घरातला मोडायचा राहिला आहे.

त्या चार मुलींच्या वह्या मी परत दिल्या. खाली एवढेच लिहिले : 'तुमच्या घरात हा भात पहिल्यांदा कोणी, कोणत्या वर्षी, कोणाच्या भांड्यात शिजवला, ते विचारून या.' तिघींनी नुसती पाने बदलून आणली. चौथीने आजीला विचारले. तिने नवे पान आणले त्याची सुरुवात पेजेपासून होती, आणि मसालेभात शेवटच्या परिच्छेदात, १४ एप्रिलला आला होता. 'पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा' हे वाक्य तिने खोडले होते. तिथे लिहिले होते : 'ही परंपरा आमच्या आजीने सुरू केली.'