बीप टेस्ट: महिला बास्केटबॉलपटूंचा दम कसा मोजतात?

बास्केटबॉलच्या सामन्यात १० मिनिटांची चार सत्रं असतात. धावणं, थांबणं, उडी मारणं आणि पुन्हा धावणं. मधल्या काही सेकंदांत शरीर किती लवकर सावरतं, हे बऱ्याच अंशी एरोबिक क्षमतेवर, म्हणजे ऑक्सिजन वापरण्याच्या ताकदीवर अवलंबून असतं.

चाचणी कशी होते?

प्रयोगशाळेत मास्क लावून ट्रेडमिलवर धावायला लावतात आणि 'व्हीओटू मॅक्स' मोजतात. शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, हे त्यातून कळतं. ही यंत्रणा महाग असल्याने मैदानावर बीप टेस्ट घेतात. कॅनडाचे संशोधक ल्यूक लेजे यांनी ती १९८०च्या दशकात विकसित केली. २० मीटर अंतरावरच्या दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करायची. सुरुवातीचा वेग ताशी ८.५ किमी असतो, दर मिनिटाला तो अर्ध्या किमीने वाढतो.

यो-यो टेस्टमध्ये दर ४० मीटरनंतर १० सेकंदांची उसंत मिळते. त्यामुळे ती बास्केटबॉलच्या जास्त जवळची आहे.

निकाल कमी आला तर?

लगेच 'आळशी' असा शिक्का मारू नये. मासिक पाळीमुळे मुलींमध्ये लोहाची कमतरता जास्त आढळते. हिमोग्लोबिन घटलं की स्नायूंना ऑक्सिजन कमी मिळतो आणि नियमित सराव असूनही दम लागतो. अशा वेळी जादा फेऱ्या मारायला लावण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी करावी. निकालाची तुलनाही खेळाडूच्या स्वतःच्या आधीच्या निकालाशी करावी.