पगाराची तारीख आणि पोटाचें पंचांग

आपल्या खेड्यांतील अन्नाचें पंचांग ऋतूंवर चालत आलें आहे. खरिपाचें धान्य घरांत आलें म्हणजे दसरा-दिवाळीस हात सैल सुटावा, आणि ज्येष्ठ-आषाढांत कणगीचा तळ दिसूं लागतांच भाकरी लहान व्हावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणीं पडलेला होता. शहरानें हें पंचांग बदललें. वर्षभराची भरती-ओहोटी तेथें एका महिन्यांत येऊन बसली आणि पावसाच्या नक्षत्रांची जागा पगाराच्या तारखेनें घेतली. हा पालट कसा घडला, आणि महिनाअखेरच्या टंचाईचा भार वस्तुतः कोणी वाहिला, याचा विचार मुंबईच्या गिरणगांवापुरता येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं ताडदेव येथें कापडगिरणीसाठीं कंपनी स्थापिली व १८५६ पासून त्या गिरणींत सूत निघूं लागलें. पुढें परळ, लालबाग, वरळी या भागांत धुराड्यांची रांगच उभी राहिली. त्या धुराड्यांखालीं राबावयास कोंकणांतून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यांतून, आणि घाटावरच्या सातारा-पुण्याकडून माणसें आलीं. यांतील पुष्कळजण बायकामुलांस गांवीं ठेवून एकटेच येत. १८८० पासून टपालखात्याची मनिऑर्डर सुरू झाली आणि मुंबईच्या मजुरीचा एक वांटा दरमहा कोंकणांतल्या उंबरठ्यावर पोंचूं लागला. राहिलेल्या पैशांत खोलीचें भाडें, कपडालत्ता आणि पोट भागवावयाचें, असा त्या एकट्या माणसाचा संसार असे.

गिरण्यांत वेतन महिन्याच्या हिशेबानें देण्याची पद्धति पडली. परंतु महिना संपतांच पैसे हातांत येत असत असें मात्र नाहीं. एका महिन्याच्या कामाचे दाम पुढील महिन्याच्या दहाव्या ते पंधराव्या तारखेच्या सुमारास मिळत. म्हणजे जानेवारीच्या आरंभीं कामावर लागलेल्या माणसास पहिला पैसा दिसे तो फेब्रुवारीच्या मध्यास. मधले सहा आठवडे त्यानें खावें काय? तो वाण्याच्या वहींत नांव लिहून खाई, खाणावळवालीच्या भरंवशावर खाई, नाहीं तर सावकाराच्या पैशावर खाई. नोकरीच्या पहिल्याच दिवशीं तो ऋणको होई. आणि एकदां सहा आठवडे मागें पडलेला माणूस पुढें क्वचितच वर निघे. कारण हातीं आलेला पगार मागील देण्यांत जाई व पुढील महिन्याचें धान्य पुन्हां उधारीनेंच आणावें लागे.

या उधारीची किंमत काय होती, तें सरकारी कागदपत्रांतच नमूद आहे. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीनें १९२१-२२ मध्यें कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली व फिंडले शिरास यांनीं तिचा अहवाल १९२३ सालीं प्रसिद्ध केला. त्या पाहणींत कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ति सुमारें ५२ रुपये आढळली. तींतील शेंकडा ५७ च्या जवळपास भाग केवळ अन्नावर खर्च होत असे. इतकें करूनही कामकऱ्याचें अन्न मुंबईच्या तुरुंगांतील कैद्यास ठरवून दिलेल्या शिध्याहून कमी भरलें. शेंकडा ४७ कुटुंबें कर्जांत होतीं, आणि व्याजाचा रूढ दर रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे सालीना शेंकडा ७५, असा होता. दहा रुपये काढणाऱ्यास वर्षाकाठीं साडेसात रुपये नुसतें व्याज द्यावें लागे, आणि दहा रुपयांचें मुद्दल जागच्या जागीं राही.

अहवालांतील सरासरी हें एक सपाट मैदान असतें. महिन्यांतील चढउतार तींत दिसत नाहीं. पगाराच्या दिवशीं गिरणीच्या फाटकाबाहेर एकीकडे मिठाईवाले व फेरीवाले आणि दुसरीकडे सावकार उभे असत. त्या दोघांच्या हातून सुटून जें घरीं पोंचे त्यावर पहिला आठवडा बरा जाई. कोंकण्याच्या ताटांत भाताबरोबर ताजा बांगडा पडे, घाटावरच्या माणसाच्या भाकरीबरोबर एखाद्या रविवारीं मटणाचा रस्सा असे. पुढें ताज्या मासळीची जागा सुका बोंबील घेई, मग सुकट येई, आणि अखेरीस मीठ-मिरची व कपभर चहा यांवर पाळी निभावून न्यावी लागे. नोकरींत खाडे पडले किंवा मजुरींत काटछाट झाली, तर एकादशीच्या घरीं शिवरात्र यावी तशी गत होई.

या चित्राकडे पाहून आपला पांढरपेशा वर्ग एक निर्णय फार लवकर देत आला आहे: हे लोक उधळे, चार दिवस चैन करावी आणि मग हात पसरावे, ही त्यांची रीत. ऋण काढून सण करण्याची हौस, ताडी-दारूचें व्यसन, लग्नकार्यांतील खर्च हीं कारणें खोटीं होतीं असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि हिशेबाची एक बाजू या निर्णयांत सुटून जाते. कामकऱ्याची महिना-दीड महिन्याची मजुरी गिरणीपाशीं बिनव्याजी पडून राही, आणि त्याच मजुरीच्या भरंवशावर तो बाहेरून पाऊणपट व्याजानें पैसा काढी. न्यायानें पाहतां तो धनको होता. व्यवहारांत तो ऋणको ठरला. पहिल्या आठवड्यांतला मटणाचा रस्सा ही उधळपट्टी मानावी, कीं मागील तीन आठवड्यांची थकलेली भूक मानावी, हें वाचकांनींच ठरवावें.

ही ओहोटी सुसह्य करणाऱ्यांत खाणावळवाल्या बायकांचा वांटा मोठा आहे, आणि इतिहासांत त्यांची दाद सर्वांत कमी लागली आहे. एखादी विधवा किंवा एखाद्या कामकऱ्याची बायको आपल्या एका खोलींत चूल मांडून दहा-पंधरा माणसांस दोन वेळ जेवूं घाली. जेवणाचे पैसे तिला महिन्यानें, पगार झाल्यावर मिळत. परंतु तांदूळ, पीठ, सरपण व रॉकेल तिला रोज लागे. तेव्हां ती वाण्याकडून उधार आणी, सावकाराकडे दागिना ठेवी. गिरणीनें लांबविलेल्या पगाराचा बोजा असा चुलीपर्यंत उतरे. १९२८ मध्यें एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सार्वत्रिक संप चालला. अशा वेळीं कित्येक कामकरी गांवीं निघून जात. मागें राहत त्यांस खाणावळींची आणि वाण्यांची उधारीच तगवून धरी. संपाचा इतिहास पुढाऱ्यांच्या नांवांनीं लिहिला जातो. त्यांत या चुलींचीं नांवें सांपडत नाहींत.

सरकारचें लक्ष या प्रश्नाकडे गेलें नाहीं असें नाहीं. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या रॉयल कमिशननें १९३१ च्या अहवालांत कामकऱ्यांच्या कर्जाचा विचार केला, आणि वसुलीसाठीं कारखान्याच्या दाराशीं ठाण मांडणें हा गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली. १९३६ च्या वेतन-प्रदान कायद्यानें वेतनाची मुदत एका महिन्याहून अधिक असूं नये असें ठरविलें. मुदत संपल्यावर हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यानें सातव्या, व मोठ्या कारखान्यानें दहाव्या दिवसाच्या आंत पैसे द्यावे, असें बंधन घातलें. ओहोटीचे दिवस यानें कांहींसे कमी झाले. महिन्याची उधारी मात्र संपली नाहीं.

पुढें १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं गिरणगांवांतील खाणावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था काढली व त्यांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें. ज्या बाईनें आयुष्यभर दुसऱ्यांस उधार जेवूं घातलें, तिला स्वतःस रास्त व्याजानें पैसा मिळण्यास गिरणीधंद्याच्या आरंभापासून सव्वाशें वर्षें लागत आलीं होतीं. त्यानंतर सातच वर्षांनीं, जानेवारी १९८२ मध्यें, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यांतून गिरणगांव पुन्हां पूर्वीसारखें उठलें नाहीं. जेथें फिनिक्स गिरणी चाले तेथें आज मॉल उभा आहे.

गिरण्या गेल्या, परंतु पगाराच्या तारखेचें पंचांग शहरानें सोडलेलें नाहीं. आज पगार बँकेंत परस्पर जमा होतो. घराचा व गाडीचा हप्ता त्यांतून परस्पर वजा होतो. पहिल्या पंधरवड्यांत उपाहारगृहांतलें जेवण घरपोंच येतें, आणि शेवटच्या आठवड्यांत क्रेडिट कार्ड पुढें सरकतें. त्या कार्डाची बाकी वेळेवर न फेडल्यास पुष्कळ ठिकाणीं दरमहा शेंकडा तीनांहून अधिक व्याज पडतें. वाण्याची वही गेली, तिची रीत राहिली आहे.

याहून एक जवळची गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. आपल्या घरोघर धुणेंभांडीं करणाऱ्या बाईस पगार बहुधा महिना भरल्यावर मिळतो. विसाव्या तारखेस ती कांहीं उचल मागते, तेव्हां आपल्या कपाळास आठी पडते आणि त्या जातीच्या अव्यवस्थितपणावर दोन शब्द बोलले जातात. वस्तुतः त्या दिवशीं तिची वीस दिवसांची मजुरी आपल्यापाशीं जमा असते. जें ती मागते तें कर्ज नव्हे. तें तिचेंच आहे. गिरणीमालकांचा हिशेब तपासणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनीं हा हिशेबही एकदां तपासून पाहावा, आणि महिन्याचा पगार पंधरवड्यानें देतां येईल काय याचा विचार करावा. त्यास कायद्याची वाट पाहण्याचें कांहींच कारण नाहीं.