सुरतेची धसकटे

लॉर्ड टाउनशेंड १७३० साली राजकारण सोडून नॉरफोकला परतला आणि सलगमाच्या लागवडीचा पुरस्कर्ता झाला. इंग्लंडातील मेंढरांना त्यातून हिवाळी चारा मिळाला. पुढे नांगरणी टाळून धान्याच्या धसकटांतच त्याचे बी पेरण्याची रीत निघाली.

सुरतेकडे ज्वारी निघाली, की कच्छ-सौराष्ट्राचे रबारी मेंढरे घेऊन उतरत. कोकरांसाठी निराळे पेरायचे कशाला? खुंट, गळलेली पाने, बांधावरचे गवत त्यांना पुरे. रात्री कळप शेतातच बसे, लेंडीखत आपोआप पडे. आणि त्याबद्दल शेतकरीच रबाऱ्याला धान्य देई! टाउनशेंडला हा सौदा खचित आवडला असता.

१९७२ साली तापीवरील उकाई धरण पुरे झाले. कालव्यांखाली ऊस पसरला, मोकळी धसकटे आक्रसली. उभ्या उसात मेंढरू कोण शिरू देणार?